सोमवारचे दोन तास कुणी घेतले?

हा लेख मी रागाने लिहिते आहे, आणि त्यातला निम्मा राग माझा माझ्यावरच आहे.

मालवण तालुक्यात समुद्राला लागून असलेल्या एका गावात जुनं वाचनालय आहे. गावाचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर जिची गोष्ट सांगायची आहे तिला त्रास होईल, आणि तसंही अशी गावं आपल्या प्रत्येकीच्या ओळखीची आहेत. या वाचनालयात दर सोमवारी दुपारी तीन ते पाच ही वेळ बायकांची होती. सोमवारच का? तर सोमवारी वाचनालयाला सुट्टी. कार्यकारिणीने आम्हाला दिला तो सुट्टीचा दिवस दिला, म्हणजे पुरुषांच्या पेपरवाचनात खंड नको. आम्हीही तो आनंदाने घेतला, कारण सोमवार बायकांच्या सोयीचा. बऱ्याच घरांत सोमवारी मासे खात नाहीत, त्यामुळे बाजारात बसणाऱ्या बायका लवकर परततात. ज्यांच्याकडे पर्यटक उतरतात त्यांचे पाहुणे रविवारी गेलेले असतात, सोमवारी सकाळी चादरी-अभ्रे धुऊन झाले की दुपार जरा मोकळी. ग्रंथपाल बाई स्वतःच्या सुट्टीच्या दिवशी, एक पैसाही जादा न घेता, किल्ली घेऊन यायच्या.

तीन वर्षं हे चाललं. पंधरा-वीस जणी यायच्या. ज्यांना वाचता येतं त्या वाचायच्या, ज्यांना येत नाही त्या ऐकायच्या. कुणी कादंबरी, कुणी पाककृतीचं पुस्तक, कुणी नुसताच पेपर. एक नियम आम्ही पहिल्या दिवशीच केला होता : कोण काय वाचतंय याची नोंद ठेवायची नाही. पुस्तक घरी न्यायचं असेल तर नोंद आलीच, पण तिथेच बसून वाचलं तर कुणाला कळायचं कारण नाही.

२०२३ साली वाचनालयासाठी संगणक मागायचे ठरले. प्रस्ताव कुणी लिहायचा? मी लिहिला. ‘डिजिटल युगात ग्रामीण महिलांना ज्ञानाची दारे खुली व्हावीत’ हे वाक्य माझं. एमएसडब्ल्यूच्या दोन वर्षांत प्रस्ताव कसा लिहावा हे मी उत्तम शिकले होते. महिलांचं नाव घातलं की प्रस्ताव मंजूर होतो हेही शिकले होते. संगणक आले. त्यांच्याबरोबर वायफाय आलं, नवे टेबल आले, आणि त्या खोलीची ‘अभ्यासिका’ झाली. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुलं सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत, आठवड्याचे सातही दिवस तिथे बसू लागली. सुट्टीचा सोमवार उरला नाही. पुस्तकांची कपाटं मागच्या पडवीत गेली, पावसाळ्यात त्यांना वाळवी लागली. बायकांना सांगण्यात आलं, ‘तुमचा तास तात्पुरता बंद.’ मी विचारायला गेले तेव्हा उत्तर मिळालं, “मॅडम, आता पुस्तकं कोण वाचतंय? सगळं मोबाईलवर आहे. बायकांनी घरबसल्या वाचावं.”

घरबसल्या! या एका शब्दावर मला बोलायचं आहे.

मोबाईल कुणाचा?

पुढच्या बैठकीत मी बायकांना विचारलं, स्वतःचा, स्वतःच्या नंबरचा, दुसरं कुणी हात लावत नाही असा मोबाईल कुणाकडे आहे? जेमतेम चार-पाच हात वर झाले. एक साठीच्या मावशी म्हणाल्या, “गो बाय, मोबाईल माझो खंय? तो झिलाचो. झील घराक इलो की मोबाईल इलो, तो गेलो की मोबाईल गेलो.”

हे फक्त आमच्या गावाचं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या शंभर बायकांपैकी ३८ जणींनी कधी ना कधी इंटरनेट वापरल्याचं सांगितलं. पुरुषांमध्ये हा आकडा ६१ च्या पुढे होता. त्यानंतर मोबाईल वाढले हे खरं. पण ‘वापरला’ आणि ‘माझा आहे’ यांत केवढं अंतर असतं हे आपल्याला कुणी शिकवायला नको. घर, जमीन, होडी, जाळं यांच्या बाबतीत ते अंतर आपण पिढ्यान् पिढ्या बघत आलो आहोत. २०११ च्या जनगणनेत सिंधुदुर्गात दर हजार पुरुषांमागे १०३६ स्त्रिया होत्या, कारण इथला पुरुष चाकरमानी होऊन मुंबईला जातो. घर बाई सांभाळते, शेत बाई बघते. तरीही कागदावर नाव त्याचं, आणि आता मोबाईलचं सिमही त्याच्याच नावावर.

कोरोनाच्या काळात हे सगळं उघडं पडलं होतं. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ अशी मोहीम निघाली. त्याच वर्षी कणकवली तालुक्यातली एक मुलगी डोंगरावर झोपडी बांधून, भर पावसात तिथे बसून ऑनलाइन शिकते, अशी बातमी देशभर गाजली. सगळ्यांनी तिच्या जिद्दीचं कौतुक केलं. जिद्द होतीच. पण तिला डोंगर का चढावा लागला, हा प्रश्न कौतुकाच्या गर्दीत बुडाला. आणि जिला डोंगरावर एकटीने जाऊ देतील असं घर नाही, तिचं काय झालं? त्या काळात मी ज्या घरांत जात होते तिथे एकच मोबाईल असायचा. दहावीतल्या भावाचा तास आधी, मग आठवीतल्या भावाचा. नववीतली बहीण चुलीपाशी. तिचा तास ‘नंतर बघू’. पुढे मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आलं तेव्हा वीज गेली, टॉवर बंद पडले, आणि कित्येक वाड्यांत दिवसचे दिवस ना फोन ना इंटरनेट. त्या दिवसांत कपाटातलं पुस्तक मात्र दिवसाउजेडी वाचता येत होतं.

पडद्यामागून कोण बघतंय?

आता त्या बाईबद्दल. तिची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

ती सोमवारी यायची, कोपऱ्यात बसायची. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणाऱ्या २००५ च्या कायद्याची एक मराठी पुस्तिका आमच्या कपाटात होती. ती तिने तीन सोमवार वाचली. घरी नेली नाही. तिसऱ्या सोमवारी उठताना मला हळूच विचारलं, “ताई, संरक्षण अधिकारी बसतो कुठे? आणि घरातून बाहेर काढलं तर परत राहायचा हक्क असतो, हे खरं?” मी म्हटलं, पुढच्या सोमवारी सविस्तर बोलू.

पुढच्या सोमवारी अभ्यासिका सुरू झाली होती.

मग तिने तेच केलं, जे तिला सांगण्यात आलं होतं. घरबसल्या वाचायचा प्रयत्न केला. नवरा आंघोळीला गेला असताना त्याच्या मोबाईलवर या कायद्याबद्दलचा एक व्हिडिओ पाहिला, पाच मिनिटं. पाहून झाल्यावर बंद केला, तिला वाटलं संपलं. पण मोबाईल विसरत नाही. दुसऱ्या दिवशी नवऱ्याने यूट्यूब उघडलं तर समोर रांगेने तसलेच व्हिडिओ : पत्नीचे हक्क, पोटगी कशी मिळवावी, तक्रार कुठे करावी. पुढे काय झालं ते लिहायची गरज नाही. आज ती माहेरी आहे. आम्ही तिच्यासोबत आहोत.

मैत्रिणींनो, वाचनालयातल्या पुस्तिकेने तिची चुगली केली नव्हती. ती मोबाईलने केली. हे यंत्र बिघडल्यामुळे झालेलं नाही, ते असंच चालतं. जो बघतो त्याची आवड लक्षात ठेवायची आणि तेच पुन्हा पुन्हा पुढे करायचं, यावर त्या कंपन्यांचा धंदा उभा आहे. एका माणसाच्या हातात एक मोबाईल, असं गृहीत धरून तो बनवलेला आहे. घरातल्या सगळ्यांचा मिळून एक, आणि त्यातही बाईचा सर्वांत शेवटी, हे त्या बनवणाऱ्यांच्या डोक्यातही नाही.

बाईच्या वाचनावर पाळत ही काही नवी गोष्ट नाही. रमाबाई रानडे यांच्या आठवणी १९१० साली प्रसिद्ध झाल्या. इंग्रजी वाचायला शिकते म्हणून घरातल्या बायकांकडून काय काय सोसावं लागलं ते त्यांनी लिहून ठेवलं आहे. तेव्हा पाळत ठेवायला माणूस लागायचा. आता ते काम खिशातला मोबाईल फुकटात करतो. २०१९ साली गुजरातेत बनासकांठा जिल्ह्यातल्या ठाकोर समाजाच्या काही गावांनी अविवाहित मुलींना मोबाईलबंदी केली तेव्हा आपण सगळ्यांनी निषेध केला. आपल्या कोकणात पंचांचा ठराव लागत नाही, ‘कोणाशी बोलतेस?’ एवढा प्रश्न पुरतो. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये केरळ उच्च न्यायालयाने, वसतिगृहात संध्याकाळी मोबाईल वापरू न देण्याविरुद्ध भांडणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या बाजूने निकाल दिला. इंटरनेट मिळणं हा शिक्षणाच्या आणि खाजगीपणाच्या हक्काचा भाग आहे, असं न्यायालयाने म्हटलं. शिक्षण आणि खाजगीपण, हे दोन्ही शब्द एकत्र लक्षात ठेवा. खाजगीपण नसेल तर बाईचं शिक्षण परवानगीपुरतंच उरतं.

जुनं सोनं होतं का?

इथे कुणी म्हणेल, ही बाई यंत्राच्या विरोधात आहे, हिला जुनं वाचनालय परत हवं आहे. नाही. जुन्या वाचनालयाचं कौतुक मला कुणी सांगू नये. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ सालचं म्हणून आपण अभिमानाने सांगतो. १९८१ पर्यंत सिंधुदुर्ग रत्नागिरी जिल्ह्यातच होता, म्हणजे तो वारसा आमचाही. पण त्या वारशात आमच्या आज्या-पणज्या कुठे होत्या? माझ्या लहानपणीही वाचनालयाच्या बाकांवर पुरुष बसायचे. पेपरची पानं वाटून घेऊन तास न् तास वाचायचे, राजकारण करायचे. बाईचं पुस्तक शाळकरी मुलगा बदलून आणायचा, आणि कुठलं आणायचं ते बहुतेक वेळा तोच ठरवायचा. त्या बाकांवर बसलेल्या पुरुषांना ‘तुम्ही काय वाचता, त्याचा उपयोग काय?’ असं कुणी कधी विचारलं नाही. बायकांना दोन तास दिले तेव्हा मात्र विचारलं गेलं.

आणि यंत्राने काहीच दिलं नाही असंही नाही. ताराबाई शिंदे यांचं ‘स्त्रीपुरुष तुलना’ १८८२ साली पुण्यात छापलं गेलं आणि पुढे विस्मरणात गेलं. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रकाशात आणलं, तेव्हा कुठे आपल्या चळवळीला आपलीच पूर्वज भेटली. मध्ये नव्वदहून अधिक वर्षं गेली. आज जुनी पुस्तकं चित्ररूपाने साठवता येतात, मराठी विश्वकोश कुणालाही मोबाईलवर फुकट वाचता येतो. ज्यांना अक्षरओळख नाही त्यांना पुस्तक ऐकता येतं. आमच्यातली एक जण सुकी मासळी निवडताना कथा ऐकते, आणि ऐकलेली कथा दुसऱ्या दिवशी बाजारात सगळ्यांना सांगते. हे मोठं आहे, ते मी नाकारत नाही.

पण ताराबाईंचं पुस्तक शोधायचं तर आधी ताराबाई हे नाव माहीत असावं लागतं. जिला ते नाव कुणी सांगितलेलंच नाही ती काय शोधणार? तिच्यासमोर यंत्र तेच टाकणार जे सगळ्यांना टाकतं : मालिका, व्रतवैकल्यं, गोरं होण्याचे उपाय. कपाटाशी उभी राहून “हे वाच, तुला आवडेल” असं सांगणारी आमची ग्रंथपाल बाई ते काम करत होती. आणि तिला काय मिळतं? गावच्या छोट्या वाचनालयातल्या ग्रंथपालाचा महिन्याचा मेहेनताना सांगायलाही लाज वाटावी असा असतो. पत्की समिती झाली, प्रभा राव समिती झाली, ग्रंथालय कर्मचारी वेतनश्रेणीसाठी आंदोलनं करून थकले. १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आपल्याकडे आहे, पण त्यात ग्रंथालय उपकराची तरतूद नाही, सगळी भिस्त सरकारी अनुदानावर. २०२२ साली त्या अनुदानात वाढ झाली. पण संगणकासाठी पैसे मागणारा प्रस्ताव मंजूर होतो, माणसासाठी मागितले तर तो परत येतो. मी प्रस्ताव लिहिले आहेत, म्हणून सांगते.

सरकारला पुस्तकांचं प्रेम नाही असंही म्हणता येणार नाही. २०१७ साली भिलार हे पुस्तकांचं गाव झालं. ती योजना वाढवताना बाळशास्त्री जांभेकरांचं पोंभुर्लं, आमच्या देवगड तालुक्यातलं, हेही घेतलं गेलं. चांगलंच आहे. माझा प्रश्न एवढाच : त्या गावात येणाऱ्या पर्यटकासाठी भाकरी थापणाऱ्या बाईला पुस्तक उघडायला दिवसातला कुठला तास मिळतो, याची चौकशी योजनेत कुठे आहे?

पडदा वाचता आला नाही तर

वाचन म्हणजे फक्त कथा-कादंबरी नव्हे. आता रेशन, पेन्शन, शाळेचा दाखला, सगळं पडद्यावर आलं आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरच्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाईल परत केले ते उगाच नाही. मोबाईल निकृष्ट, आणि माहिती भरायची ती इंग्रजीत. मराठीत शिकलेल्या, मराठीत शिकवणाऱ्या बाईला तिच्याच राज्यात तिचं काम परभाषेत करायला लावलं गेलं आणि नाही जमलं तर ती अडाणी!

लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी २०२५ साली सुरू झाली तेव्हा बाईच्या आधार क्रमांकाबरोबर नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक मागितला गेला, आणि त्याच्या मोबाईलवर येणारा ओटीपी. पैसे बाईच्या खात्यात, किल्ली पुरुषाच्या खिशात. परित्यक्ता बहिणीने काय करायचं? टाकून गेलेल्या नवऱ्याला फोन करून ‘ओटीपी सांगा’ म्हणायचं? त्या दिवसांत माझ्याकडे आलेल्या बायकांपैकी बऱ्याच जणींना पडद्यावर काय लिहिलंय तेच माहीत नव्हतं. दुकानातल्या मुलाने ‘इथे अंगठा, इथे अंगठा’ म्हटलं आणि त्यांनी दिला. पूर्वी सावकाराच्या वहीवर अंगठा उठवायचे. फरक काय झाला?

म्हणूनच मला तो सोमवार परत हवा आहे. तिथे चार संगणक आहेत, तेही बायकांना हवेत. पुस्तकं की संगणक, अशी निवड आमच्यापुढे ठेवू नका. अभ्यास करणाऱ्या मुलांशी माझं भांडण नाही. ती आमचीच मुलं आहेत, नोकरीसाठी धडपडताहेत. पण त्या अभ्यासिकेत मुली किती, आणि अंधार पडल्यावर किती उरतात, हे एकदा जाऊन बघा. रात्री दहापर्यंत उघडी असलेली खोली संध्याकाळी सहानंतर फक्त मुलांची असते. शेवटची एसटी गेली की मुलीचा अभ्यास संपतो.

आमच्या मागण्या

१. प्रत्येक मान्यताप्राप्त वाचनालयात आठवड्यातून किमान दोन दिवस बायकांची राखीव वेळ असावी. ती सुट्टीच्या दिवशी नको, ग्रंथपालाच्या फुकट श्रमावर नको.

२. या वेळेत वापरायच्या संगणकावर कुणी काय पाहिलं याची नोंद राहू नये. काम झाल्यावर ती कशी पुसायची, हे प्रत्येकीला शिकवावं.

३. पंचायतीत ५० टक्के जागा बायकांच्या आहेत. वाचनालयाच्या कार्यकारिणीतही निम्म्या बायका हव्यात. किल्लीचा निर्णय घेताना आम्ही खोलीत असायला हव्यात.

४. केरळात ग्रंथालय परिषदेच्या योजनेत स्त्री ग्रंथपाल घरोघर पुस्तकं पोचवतात. आपल्या वाड्या-वाड्यांत हे का नाही? त्यासाठी बाई नेमा आणि तिला जगता येईल एवढा पगार द्या.

५. सरकारी योजनेचा प्रत्येक अर्ज मराठीत आणि ऐकता येईल असा असावा. बाईच्या हक्कासाठी पुरुषाच्या मोबाईलवरचा ओटीपी मागू नये.

आणि एक मागणी माझ्यासारख्या कार्यकर्त्यांकडे. पुढच्या वेळी प्रस्तावात ‘महिलांसाठी’ असं लिहिताना वेळ, जागा, किल्ली आणि देखरेख कुणाकडे राहणार तेही त्याच कागदावर लिहून घ्या. मी ते लिहून घेतलं नाही. त्याची किंमत मी मोजलेली नाही, दुसऱ्या बाईने मोजली.

गेल्या महिन्यात आम्ही कार्यकारिणीला पुन्हा अर्ज दिला आहे. उत्तर अजून नाही. तोवर दर सोमवारी तीन वाजता आम्ही वाचनालयाच्या मागच्या पडवीत, वाळवी झाडलेल्या कपाटांपाशी, चटई टाकून बसतो. पहिल्या सोमवारी सहा जणी होतो, मागच्या सोमवारी अकरा. त्या साठीच्या मावशी आल्या होत्या. “आज काय वाचतलास?” म्हणून त्यांनी विचारलं, आणि एका मुलीने वाचायला सुरुवात केली.

तुमच्या गावच्या वाचनालयात बायकांना कुठला वार आहे? नसेल तर का नाही? विचारा, आणि काय उत्तर मिळतं ते आम्हाला कळवा.